हवा धरणारा टाका

माझ्याकडं बँड वाजत येत न्हाई, गळत येतो.
सुभाषनगरात पत्र्याच्या दुकानात
कापशी आणि कुरुंदवाडी जोडांच्या माळेखाली
टेंबलाईवरनं आलेला एखादा जवान वाकून शिरतो
आणि काखेतलं पोर द्यावं तशी पिशवी पुढं करतो.
"तात्या, हवा धरंना."

मी तोंडानं फुगवतो. डोळे मिटतो.
शिवणीवरनं सावकाश गाल फिरवतो.
चोरटी हवा कानाला कळत न्हाई, गालाला कळती.
मग आरी, मेणाचा दोरा, दुहेरी टाका,
आणि शेवटी आतनं कोमट काकवी.
पहिल्यांदा काकवी बघून हवालदार तातोबा चौगुले हसला होता,
"सायबाच्या वाद्याला गूळ चारतोस व्हय रे?"
चारतोय. भोकं बुजतात, चामडं मऊ ऱ्हातं.
फक्त मुंग्यांपास्नं जपायचं.

सव्वीस जानेवारीला पोलीस ग्राउंडवर
दोरीमागं उभा ऱ्हातो मी, मफलर गुंडाळून.
लोक पाय बघतात, तुरे बघतात,
दंड हवेत फेकून झेलणारा बघतात.
मी काखा बघतो.
चौदा काखा, त्यातल्या नऊ माझ्या.

फाल्गुनात पुण्याला स्पर्धा.
त्याआधी महिनाभर टेकडीवरनं तीच चाल,
तीच, परत तीच,
आमची पोरं टायर फिरवत तिच्यावर पावलं टाकाय लागली.
आणि पुण्यात सगळे थांबले तवा
एक सूर थांबला न्हाई.
अर्धा श्वास. तेवढाच.
कागदावर गुण गेले, ढाल दुसऱ्यांनी नेली.

तातोबा स्वतः आला. मागं आनंदा खोराटे,
गडहिंग्लजकडचा, मिशी अजून ठरत नसलेला,
चपलांच्या किमती वाचत उभा.
"हात चुकला का टाका सुटला, एवढं सांग."
मी गाल फिरवला. शिवण दगडासारखी.
पोराच्या गळ्यातली घाटी वर गेली, खाली येईना.
म्हटलं, "टाका सैल हाय. माझी चूक."
चाळीस वर्षांत असलं वाक्य पहिल्यांदा बोललो,
आणि चांगला टाका उसवून
पुन्हा तसाच घातला.

आषाढात पिशव्यांना बुरशी येती.
त्याच दिवसांत भुदरगडाच्या अंगाला
तिरंग्यातनं एकजण गावी आला.
बँड गेला. शाळेचं मैदान, तांबडा राडा,
वर्गाच्या खिडक्यांतनं पोरं.
मी गेलो न्हवतो. आनंदानं सांगितलं,
स्टुलावर बसून, चहा तसाच ठेवून.

"तात्या, ह्या खेपेला जमलं.
सगळे एकदम थांबलो. सुरीनं कापल्यासारखं.
परीक्षक असता तर पैकीच्या पैकी.
पण आम्ही थांबलो, आणि त्याची आई थांबली न्हाई.
तोवर आमच्या आवाजाखाली होती ती,
एकदम उघडी पडली, सगळ्या मैदानात एकटीच.
वाटलं, माझा सूर थोडा मागं ऱ्हायला पायजे होता.
अर्धा श्वास. तेवढाच."

मी काय बोलणार?
पुढ्यात एक अंगठा तुटलेली चप्पल होती,
ती उगीच उलटी केली, सुलटी केली.

दसऱ्याला सोनं द्यायला आला.
आता रबरी पिशव्या येणार म्हणाला,
शिवण नसलेल्या, काकवी न लागणाऱ्या.
चांगलं हाय की, म्हटलं. मुंग्यांची कटकट गेली.
मग त्यानं जुनी काढून गल्ल्यावर ठेवली.
"एकदा बघा. कुठंतरी जातीय हवा."
वाजवूनच आला असावा,
आत त्याचा श्वास होता, कोमट, निम्माशिम्मा.
मी गाल लावला. गुळाचा वास आला.
डाव्या अंगाला, तिसऱ्या टाक्यापाशी, बारीक झुळूक.

सापडली होती.
तरी गाल तसाच ठेवला थोडा वेळ.
"बघतोय," म्हटलं, "बस जरा."